पाळीपाळीने येणारी दिवाळी

शहरात रोषणाईचा उत्सव म्हटला की चौक ठरलेला, तारीख ठरलेली. भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातल्या सानगडीच्या बाजूला दिवाळीचा झगमगाट असा एका जागी सापडत नाही. तो गावोगाव फिरतो. बलिप्रतिपदेला गायगोधन झाले, भाऊबीजेला भावा-बहिणींच्या भेटी झाल्या की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. लगतच्या गावाने धरलेला दिवस शक्यतो आपण धरायचा नाही, एवढी समज सगळ्यांना असते. एकाच दिवशी दोन मंडया भरल्या तर दुकानदार वाटले जातात, पाहुणेही वाटले जातात आणि रात्रीच्या नाटकाचा मांडव अर्धा रिकामा राहतो.

सानगडीची बाहेर ओळख आहे ती तिथल्या जुन्या किल्ल्यामुळे. गावकऱ्यांचे वर्ष मात्र धानावर चालते. हलका धान दिवाळीच्या सुमारास हाती येतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. मधल्या या दिवसांत थोडा पैसा असतो आणि थोडी सवडही. मंडई नेमकी तिथे बसली आहे. ज्याने कुणी ही वेळ निवडली, त्याला पंचांगापेक्षा शेतकऱ्याचा खिसा जास्त कळत असावा.

दिवाळीतली खरी मिरवणूक गायगोधनाची. वर्षभर गावाची गुरे राखणारा गोवारी त्या दिवशी सर्वांच्या पुढे चालतो. गायींची शिंगे रंगवलेली, गळ्यात माळा. गोवाऱ्यांच्या अंगावर कवड्यांचा साज, हातात काठी, सोबतीला डफडे आणि बासरी. उंच बांबूला कापड बांधून, वर मोरपिसे लावून सजवलेली ढाल नाचवत घरोघरी जायचे, बिरवे ही आपली गाणी म्हणायची आणि ओवाळणी घ्यायची. गोधन खेळवताना शेणाच्या गोवर्धनावरून गायी नेतात. ज्याला एरवी ओसरीच्या खालीच उभे राहावे लागते, त्याची त्या दिवशी घरधनीण वाट पाहते. एका दिवसाचा हा मान गोड असला तरी तो एकाच दिवसाचा आहे, हे विसरून या मिरवणुकीचे कौतुक करणे मला जमत नाही.

कारण याच समाजाची आणखी एक मिरवणूक विदर्भाला ठाऊक आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना गोवारी अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला मोर्चाने गेले. तिथे झालेल्या चेंगराचेंगरीत 114 जण दगावले. बायका आणि लेकरेही त्यांत होती. सीताबर्डीजवळ त्यांचे स्मारक आहे. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ढाल दर दिवाळीला निघते, मागणी आहे तिथेच आहे.

मंडईचा दिवस तसा साधा. जिलेबी, चिवडा, तलावातले शिंगाडे, बांगड्या, फुगे, आकाशपाळणा. घराघरांत पाहुण्यांच्या पंगती. सोयरिकीचे पहिले बोलणे पुष्कळदा या गर्दीतच होते. मुलगी पाहायला आलो असे कुणी म्हणत नाही, मंडईला आलो म्हणतात. दुपारी दंडार हे लोकनाट्य रंगते. पुरुषच लुगडे नेसून नाचतात. कुठे खडी गंमत, म्हणजे इकडचा तमाशा, असते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचा आणि झाडीबोली या इथल्या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला म्हणून ही गोष्ट निदान पुस्तकांपर्यंत पोचली.

खरा उजेड पडतो रात्री. पूर्वी टेंभे, मग गॅसबत्त्या, आता जनरेटर आणि रंगीत दिवे. झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्याचे, नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. थंडीत घोंगडी, चादरी पांघरून अख्खे घर बसते. गाणी, लावणी, विनोद, रडारड, सगळे एकाच तिकिटात. पुण्या-मुंबईचा समीक्षक नाक मुरडेल, पण त्याच्या नाट्यगृहात पहाटे चारला किती लोक जागे राहतील? नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे गडचिरोली जिल्ह्यातले वडसा. गावातली मंडळे तिथे जाऊन प्रयोग ठरवतात. मांडव भरला तर मंडळाच्या हाती गावाच्या कामासाठी चार पैसे उरतात, नाही भरला तर पोरांनी पदरचे घालायचे.

या नाटकांचा जुना सोबती शंकरपट. दिवसा बैलजोड्यांची शर्यत, रात्री नाटक, असा बेत असायचा. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात पट नव्हता तरी नाटक चालत राहिले. ते आपल्या पायावर उभे आहे, हे तेव्हा दिसले.

2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे दिल्लीला या रंगभूमीचे नाव कळले. बाकीच्या कलावंतांचे गणित तसेच आहे. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. त्यानंतर कुणी शेतीला लागतो, कुणी मजुरीला. कोरोनाच्या वर्षी मंडयाच भरल्या नाहीत, तेव्हा मेकअपच्या पेटीवर पोट असणाऱ्यांना इतरांच्या आधी झळ लागली.