अंदाज एकट्याचा आणि पाचांचा



मोजायला साधन नसते किंवा वेळ नसतो, तेव्हा आपण अंदाज करतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात तर अंदाजाला फार महत्त्व आहे. दरवर्षी गावाची पीक पैसेवारी ठरते. आधी नजरेने अंदाज होतो. पुढे शेतातल्या ठरावीक तुकड्यातले पीक कापून, मळून वजन करतात. पैसेवारी 50 पैशांच्या खाली गेली तर गावात टंचाईची स्थिती धरतात. एवढी मोठी गोष्ट म्हणून हे काम एकट्याकडे नसते. गावच्या समितीत तलाठी, सरपंच व शेतकरी असतात.

गुरुजींनी आमच्या वर्गात हाच प्रकार चिंचोक्यांवर करून दाखवला. काचेची बरणी भरून मध्ये ठेवली. आमच्या गटातील पाच जणांनी न बोलता चिठ्ठीवर आकडे लिहिले : 80, 110, 120, 150 आणि 340. सरासरी आली 160.

मग प्रत्येकाने आपला आकडा कसा काढला ते सांगितले. एक म्हणाला, "म्या उगंच लिवला." एक मुलगी म्हणाली, "एका मुठीत वीसेक मावत्यात, बरणीत अकरा मुठी बसतील." म्हणजे 220. तिसऱ्याने खालून बघून तळाच्या थरात 18 चिंचोके मोजले व बाहेरून 12 थर धरले. म्हणजे 216. दोन वाटांनी आकडे जवळ आले. गटाने 220 ठरवले. मोजले तेव्हा 228 निघाले!

शेजारच्या गटाने चिठ्ठ्या लिहिल्याच नाहीत. पहिला जोरात म्हणाला, "चारशे!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. डोकी पाच, पण अंदाज एकाचाच.

अर्जेंटिना देशात ब्युनॉस आयर्स येथे 5180 लोकांवर असा प्रयोग झाला. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. आयफेल टॉवरची उंची किती, असे प्रश्न होते. आधी एकेकट्याने, मग पाच-पाच जणांनी चर्चा करून उत्तरे दिली. अवघ्या चार गटांच्या उत्तरांची सरासरी हजाराहून जास्त एकेकट्या उत्तरांच्या सरासरीपेक्षा खऱ्याच्या जवळ आली.

म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी चिठ्ठी, मग कारण, मग गटाचा आकडा, शेवटी मोजणी. आवाज कोणाचा मोठा हे न बघता कारण कोणाचे पक्के ते बघावे.

या भित्तिपत्रकाखाली दुसरी बरणी ठेवली आहे. पालकांनी एक चिठ्ठी न बोलता टाकावी, दुसरी शेजारच्यांशी बोलून टाकावी. शनिवारी परिपाठानंतर मोजणी होईल.