ओले जळण : कोक आणि आपला बगॅस



"मिलमधून रोज एवढा ढीग बाहेर पडतो, मग बगॅस पुरत कसा नाही?" असे गव्हाणीशी उभे राहून पुष्कळजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. ढीग मोठा दिसतो हे खरे, पण त्यात निम्मे पाणी असते. 100 किलो बगॅसमध्ये चोथा 47-48 किलो, साखर दोनेक किलो आणि पाणी सुमारे 50 किलो. हे पाणी जळत नाही. उलट त्याची वाफ करण्यात बॉयलरचीच उष्णता जाते.

ही अडचण एकट्या आपल्या धंद्याची नाही. दगडी कोळशापासून कोक करणारांचीही तीच तऱ्हा. कोळसा हवाबंद भट्टीत 1000 अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापवून त्यातला वायू आणि डांबर काढून घेतले की मागे राहतो तो कोक. लोखंडाच्या झोतभट्टीला तो लागतो, फाउंड्रीच्या कुपोलालाही लागतो. भट्टीतून लालभडक बाहेर आलेला कोक हवेत जळून जाऊ नये म्हणून त्यावर पाण्याचा मारा करतात. पाणी बेताने मारले आणि नंतर नीट निथळू दिले, तर कोकच्या अंगच्या उष्णतेनेच तो बराचसा सुकतो आणि ओल साधारण 3 ते 5 टक्के राहते. मारा जास्त झाला की ओल वाढते. चुरा तर पाणी फारच धरून ठेवतो. 5 टक्के ओल म्हणजे घेणाऱ्याने टनामागे 50 किलो पाणी कोकच्या भावाने घेतले! त्याहून वाईट म्हणजे आज 3 टक्के, उद्या 7 टक्के, असा चढउतार. मग वजन करून टाकलेल्या मालात खरे जळण किती, हेच भट्टीवाल्याला कळत नाही.

यावर तोड म्हणून काही ठिकाणी पाणी न वापरता, नायट्रोजनसारखा न पेटणारा वायू फिरवून कोक थंड करतात. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात सुरुवातीपासून ही पद्धत आहे. ओल 1 टक्क्याच्याही खाली येते, आणि कोकची उष्णता वाया न जाता तिच्यावर वाफ तयार होते.

आपल्याला हे जमणारे नाही, कारण आपले जळण मुळातच ओले. शिवाय चोथ्यातली उरलीसुरली साखर धुऊन काढायला शेवटच्या मिलपूर्वी आपणच त्यावर गरम पाणी सोडतो. ते पाणी कमी केले तर साखर बगॅसबरोबर बॉयलरात जाणार. तेव्हा पाणी तोडायचे नाही, पिळून काढायचे.

आता हिशेब पाहा. रोज 5000 टन गाळणाऱ्या कारखान्यात 28 टक्के धरून 1400 टन बगॅस निघतो. ओल 50 टक्के असेल तर त्यात कोरडा माल 700 टन. ओल 52 टक्के झाली तर कोरडा माल तेवढाच, पण ढीग 1458 टनांचा. म्हणजे काट्यावर बगॅस वाढला, प्रत्यक्षात वाढले 58 टन पाणी, दहा हजार लिटरचे जवळजवळ सहा टँकर! ते रोज उकळून चिमणीतून सोडायला सुमारे 20 टन बगॅस खर्ची पडतो. 120 दिवसांच्या हंगामात 2400 टन. बॉयलरचा जाळ मंदावतो ते नुकसान निराळेच. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, पण ते सुक्याच्या जिवावर.

उपाय मुख्यतः मिलवरच आहेत. शेवटच्या मिलची सेटिंग आणि हायड्रॉलिक दाब बरोबर हवा, रोलरच्या खाचा मोकळ्या हव्यात म्हणजे रस वाहून जातो, आणि ऊस एकसारखा भरला गेला पाहिजे. मिल मध्येच रिकामी, मध्येच तुंबलेली, अशी चालली की ओल वाढलीच म्हणून समजा. चांगला पिळला तर ओल आणि साखरेची गळती दोन्ही एकदम कमी होतात. धुराड्याच्या गरम वायूवर बगॅस सुकवणारी यंत्रेही निघाली आहेत. पण खर्च मोठा, आणि सुक्या भुशाला आगीचे भय. आमच्या मते आधी मिल, मग ड्रायर.

यात सभासदांचा संबंध दोन ठिकाणी येतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या ऊसदर कायद्यात साखरेबरोबर बगॅस, मळी आणि प्रेसमड यांचे उत्पन्नही दराच्या हिशेबात घेण्याची तरतूद आहे. वाचलेला बगॅस विकला तर तो पैसा ऊसवाल्याच्या हिशेबात येतो.

दुसरा संबंध थेट फडातला. मोळीबरोबर आलेली माती आणि वाळू रोलरची धार घासून टाकते. गुळगुळीत रोलरला ऊस धरत नाही, निसटतो, आणि बगॅस ओलाच बाहेर पडतो. पाचट व हिरवे वाढे आले की भरणी विस्कटते ते वेगळे. तोडणी चालू असताना एक चक्कर फडात मारून टोळीच्या मुकादमाला वाढे नीट छाटायला, मुळाची माती झाडायला आणि पावसानंतर मोळ्या चिखलात न टाकता पाचटावर रचायला सांगावे, अशी विनंती आहे.