जुना चेहरा, नवं काळीज

कळंबच्या बाजारातून बुलेट धडधडत गेली की माना वळतात ना? गोल दिवा, फुगीर टाकी, चमचमतं नळकांडं. असंच जुनं रूप घेतलेली, पण आतून अगदी नवी अशी एक मोटारसायकल आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या चाकणला तयार होऊ लागली. तिचं नाव ट्रायम्फ स्पीड ४००. ट्रायम्फ ही ब्रिटिश कंपनी, तर कारखाना बजाज ऑटोचा. ही गाडी २०२३ साली बाजारात आली.

ट्रायम्फची १९५९ सालची बॉनव्हिल जगभर गाजली होती. तिच्याच घराण्याचा तोंडवळा या गाडीला दिलाय. इंजिनावरच्या आडव्या पट्ट्यासुद्धा तशाच!

या पट्ट्या कशासाठी बरं? गरम चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण हवा लागायला जागा जास्त मिळते. जुन्या इंजिनांत पट्ट्या हेच काम करायच्या. स्पीड ४०० मध्ये मात्र इंजिनाभोवती द्रव खेळतो. तो उष्णता घेऊन पुढच्या रेडिएटरमध्ये जातो आणि वाऱ्याने निवून परत येतो. म्हणजे मुख्य काम रेडिएटरचं, पट्ट्यांना मान जुन्या रूपाचा!

एवढी व्यवस्था कशाला? जुन्या ३५० सीसी बुलेटची ताकद सुमारे १८ अश्वशक्ती. या ३९८ सीसी इंजिनाची तब्बल ४०! त्यासाठी ते मिनिटाला ८००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला १३३. मग तापणारच की!

ताकद वाढली तसा ब्रेकही सुधारला. रस्त्यावर कडबा सांडलाय आणि करकचून ब्रेक दाबला, तर चाक अडकून गाडी घसरते. इथे एबीएस नावाची यंत्रणा आहे. चाक अडकू लागलं की ती ब्रेक क्षणभर सैल करते, पुन्हा धरते. हे एका सेकंदात अनेकदा घडतं.

तरी रूपावर भुलू नका हं! ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. तुम्ही एकदा मागे वळून पाहिलंत, तेवढ्यात आख्खा वर्ग मागे पडला! म्हणूनच अशा गाडीचा परवाना १८ वर्षांनंतरच मिळतो. आईबाबांनीही ध्यानात ठेवावं : २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि कैदही होऊ शकते.

तोवर एक उद्योग करा. उभ्या, गार गाड्या नीट पाहा. कुणाला नुसत्या पट्ट्या, कुणाला रेडिएटर? वहीत यादी करा आणि चेहरा जुना, काळीज नवं अशा गाड्या ओळखा पाहू!