नाद शांत करतो, की श्वास?

वेरूळच्या दहाव्या लेण्यात आपण नुसता हुंकार दिला, तरी तो कमानदार दगडी छताखाली घुमत राहतो आणि मन निवतं. श्रेय आपण नादाला देऊन टाकतो. पण जरा थांबू या. बर्नार्डी या इटालियन संशोधकांनी २००१ साली दाखवलं, की ख्रिस्ती जपमाळ असो वा योगातला मंत्र, म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे ६ वर येतो. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतू हृदयाची गती उतरवतो. म्हणजे नाद निमित्त. बरंचसं काम लांबलेल्या उच्छ्वासाचं. ध्यान सांगणारा संथ आवाजही आपल्याला तिथेच नेतो. तेव्हा महागडी वाटी नसली तरी अडत नाही. भ्रामरीसारखं गुणगुणत सावकाश श्वास सोडू या. चक्कर आली तर थांबायचं. आणि चालू औषधं? ती सोडायची नाहीत.