जुनें भिंग, नवा कॅमेरा

माझ्या थोरल्या बंधूंचा फिल्मच्या काळांतील निकॉन कॅमेरा वालीवच्या घरीं पडून आहे. त्याचें भिंग तरी अडगळींत टाकूं नये, असें मला वाटतें. १९५९ सालापासूनच्या निकॉनच्या या रचनेंत आरसा हलावयास जागा हवी, म्हणून भिंगाची बैठक व फिल्म यांत ४६.५ मिलिमीटर अंतर ठेवलेलें असे. सोनीच्या बिनआरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांत तें १८च आहे. मधले २८.५ मिलिमीटर भरणारें पोकळ कडें बसविलें कीं काम झालें. त्यांत कांच मुळींच नसते. स्पष्टता मात्र हातानें साधावी लागते. शिवाय सेन्सर फिल्मच्या चौकटीच्या दीडपटीनें लहान असल्यास ५० मिलिमीटरचें भिंग ७५ चें असल्याप्रमाणें थोडेंच दृश्य टिपतें.

खरा शत्रु निराळाच. वसईकडील पावसाळी दमट हवेंत भिंगाला बुरशी धरते व ती कांचेवरील लेप खाते. मीं तें भिंग चामड्याच्या पेटींत ‘जपून’ ठेविलें. चामडें ओल धरतें, हें जन्मभर मुलांना शिकविणाऱ्याला उमगलें नाहीं! आतां तें हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या दाण्यांसह असतें. दाणे निळ्याचे गुलाबी झाले कीं बदलतों. बुरशी पुसविली, परंतु लेपावर डाग राहिला. सूर्यासमोर घेतलेल्या छायाचित्रांत तो धुक्यासारखा उतरतो.