डोक्याला तेल लावून येऊ नका

इईजीची, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखाची, वेळ घेतानाच बजावतात: शाम्पूने केस धुऊन या, तेल लावू नका, चालू गोळ्या मनाने बंद करू नका. पुण्यातल्या एका रुग्णालयात भाच्याला घेऊन गेलो, तर तंत्रज्ञबाईंनी आधी त्याच्या केसांतून बोटं फिरवली. "आजीनं मालिश नाही ना केलं काल?" तेलकट कातडीवर इलेक्ट्रोडची चकती धरत नाही आणि आलेखात नुसती खरखर येते.

मग टेप. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, या कानापासून त्या कानापर्यंत. त्या मापाच्या दहा आणि वीस टक्क्यांवर पेन्सिलीच्या खुणा. प्रत्येक खूण जराशी घासून पेस्ट लावलेली चकती दाबायची. अशा 21 चकत्या. त्या मेंदूतले जे विद्युत संकेत टिपतात ते जेमतेम काही दहा मायक्रोव्होल्टचे. घड्याळातल्या सेलपेक्षा हजारो पटींनी क्षीण.

"डोळे मीट." पडद्यावर डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेषा सेकंदाला नऊ-दहाच्या संथ लयीत डुलू लागल्या. "उघड." लय मोडली.

"मी आत्ता कशाचा विचार करतोय, दिसतं?" भाच्याने विचारलं.

"जागा आहेस एवढं दिसतं. बाकीचं तुझं तुझ्यापाशी."

जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला असा आलेख काढला, तो एकाचा विचार दुसऱ्याला दुरून कळतो का, या ध्यासापायी. ते गूढ उकललं नाही. हाती लागली ही लय.

पुढे तीन मिनिटं जोरजोरात श्वास, मग लुकलुकणारा दिवा. दडलेली गडबड असली तर अशा वेळी वर येऊ शकते.

बाहेर एका बाईंच्या मुलाचा रिपोर्ट नॉर्मल आला होता. "मशीनमध्ये काही नाही, म्हणजे बाहेरचंच असेल का हो?" तंत्रज्ञबाई म्हणाल्या, "झटका आला तेव्हाचा व्हिडिओ आहे? तो डॉक्टरांना दाखवा." आलेख साधा आला म्हणून अपस्मार (फेफरं) नाही असं ठरत नाही, निदान मुख्यतः झटक्याच्या वर्णनावरून होतं.

फेफरं हे विवाह रद्द ठरवण्याचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यातून 1999 मध्ये वगळलं गेलं. तरी "लग्न ठरेपर्यंत बोलू नका" हा सल्ला घरोघरी चालूच आहे. म्हणून यशोदा वाकणकर यांनी पुण्यात सुरू केलेला 'संवेदना' हा मदतगट मोलाचा. बहुतेकांचे झटके गोळ्यांनी आवरतात. भोवतालच्यांच्या डोक्यातली भीती मात्र बोलूनच काढावी लागते.