न आलेल्या प्रवाशाची मोजणी



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, इतिहास, विज्ञान असे थोर विषय येऊन गेले. मी आज बसच्या पायरीविषयी बोलणार आहे. आपल्या विद्यालयातील वरच्या वर्गांनी 'दिव्यांग व्यक्ती आणि सार्वजनिक वाहतूक' हा विषय गटागटाने अभ्यासून सभेपुढे मांडावा, अशी योजना आहे. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांपुरता हा अभ्यास कसा व्हावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम एका फसव्या वाटेविषयी. विद्यार्थ्यांना वाही देऊन डिचोलीच्या स्थानकावर उभे केले, तर ते सकाळच्या दोन तासांत चढलेले प्रवासी मोजतील, त्यांत दिव्यांग दोन-तीनच आढळतील आणि 'गरज अल्प आहे' असा निष्कर्ष सुवाच्य अक्षरांत फळ्यावर येईल. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. ज्याला पायरी चढता येत नाही, तो स्थानकावर येतच नाही. विहिरीवर किती बायका आल्या हे मोजून गावात कोणाचा हंडा रिकामा राहिला ते कळत नसते. म्हणून या अभ्यासाचा आरंभ स्थानकावर नव्हे, वाड्यावर व्हावा. अंगणवाडी सेविका आणि पंचसदस्य यांना कोणत्या घरात कोण आहे हे ठाऊक असते. त्यांच्यामार्फत, घरच्यांची व त्या व्यक्तीची संमती घेऊन, दोन प्रश्न विचारावेत: शेवटचा प्रवास कशासाठी केलात? आणि कोणता प्रवास करावयाचा होता, पण टाळलात? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाच खरा संशोधनाचा ऐवज. त्यात इस्पितळाची चुकलेली फेरी असते, दहावीनंतर सुटलेले शिक्षण असते, बहिणीच्या घरचे लग्न असते.

आकड्यांविषयीही सावध असावे. गोव्यात २००१ च्या जनगणनेत १५,७४९ अपंग व्यक्तींची नोंद झाली, २०११ मध्ये ३३,०१२ ची. मधल्या काळात प्रश्नावलीतील अपंगत्वाचे प्रकार पाचांचे आठ झाले होते, आणि २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. संख्या ही विचारण्यावरही अवलंबून असते, हे विद्यार्थ्यांना यावरून उमजावे.

यानंतर मोजमाप. येथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शाळेतल्या गणिताचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. साध्या बसची फळी रस्त्यापासून सुमारे ९०० मिलिमीटर उंच असते, खालच्या तळाच्या बसची ४००. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे मान्य प्रमाण एकास बारा. म्हणजे ९०० मिलिमीटर चढण्यास १० मीटर ८० सेंटिमीटर लांबीची उतरंड हवी. ती कोणत्या थांब्यावर मावणार? मदतीला माणूस असेल तर थोडा अधिक चढ चालतो, पण अर्ध्यावर आणला तरी प्रश्न सुटत नाही. आता तळ ४०० चा घ्या आणि थांब्याजवळची पदपथाची कड १५० मिलिमीटर उंच धरा. उरतात २५०, उतरंड तीन मीटर. म्हणजे सुगमता एकट्या बसमध्ये नसते, ती बस आणि थांबा या दोहोंच्या मिळून असते. बस कडेपासून दोन हात दूर उभी राहिली की हे सारे गणित फुकट जाते.

म्हणून पायरीची उंची एकाच ठिकाणी न मोजता तीन थांब्यांवर मोजावी. खासगी बसच्या वाहकाची शिटी बस थांबल्यावर किती सेकंदांनी वाजते, हेही घड्याळ लावून टिपावे. वाहक 'म्हापसा, म्हापसा' असे ओरडतो ते अंध प्रवाशाला उपकारक आहे, कर्णबधिराला त्याचा उपयोग नाही. त्याला ठळक पाटी हवी. शटल बसचे तिकीट ज्या खिडकीवर मिळते, तिची उंचीही मोजावी.

पेडण्यातील केरीहून तेरेखोलला, किंवा डिचोलीतील नार्व्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट हा तर अभ्यासाचा उत्तम विषय. बोटीची फळी सपाट, पायरी नाही. तत्त्वतः खुर्ची सरळ आत जावी. परंतु भरती-ओहोटीबरोबर धक्क्यावरचा उतार बदलतो. सकाळी सोपा असलेला चढ दुपारी अशक्य होऊ शकतो. गटाने दोन्ही वेळा जाऊन मोजले पाहिजे. रेल्वेचा विचार करताना डिचोली तालुक्यात स्थानकच नाही, तेथील प्रवाशाला थिवी गाठावी लागते, हे विसरू नये. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. तेथे खुर्चीतून विमानाच्या दारापर्यंत नेण्याची सोय मिळते. त्याच पेडणे तालुक्यातील वाड्यावरून ती खुर्ची मोठ्या रस्त्यापर्यंत कशी यावी, हे एखाद्या गटाने अवश्य शोधावे.

डोळ्यांवर पट्टी बांधून 'अंधत्वाचा अनुभव' घेण्याची टूम मला पसंत नाही. त्यातून पाच मिनिटांची भीती कळते, वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य कळत नाही. त्यापेक्षा गावातील एखादी दिव्यांग व्यक्ती गटाची मार्गदर्शक असावी, आणि तिची इच्छा असल्यास मुखपृष्ठावर तिचे नाव मुलांच्या नावांच्या आधी यावे.

मांडणी करताना प्रत्येक गटाने एकच प्रवास घ्यावा, घराच्या उंबरठ्यापासून कचेरीच्या खिडकीपर्यंत, आणि तो नेमका कोठे तुटतो ते दाखवावे. तक्त्यावरील प्रत्येक आकडा तोंडाने वाचून सांगावा. मार्गदर्शक खुर्चीवर असतील आणि रंगमंचाला पायऱ्याच असतील, तर सादरीकरण सभागृहाच्या जमिनीवर करावे. श्रोते मान थोडी उंच करतील.

१९९५ च्या आणि पुढे २०१६ च्या कायद्याने वाहतुकीच्या सुगमतेची जबाबदारी शासनावर टाकली. २०१९ च्या अखेरीस मोटार वाहन नियमांतही बसमधील राखीव आसने, आधाराचे दांडे आणि खुर्चीची जागा यांविषयी दुरुस्ती झाली. पण 'शासनाने लक्ष घालावे' हे वाक्य अहवालात लिहू देऊ नये. रस्त्याची कड सार्वजनिक बांधकाम खात्याची असेल, खासगी बसचा परवाना वाहतूक खात्याचा, कदंबची बस १९८० साली स्थापन झालेल्या महामंडळाची, फेरीबोट नदी परिवहन खात्याची. ज्या ठिकाणी प्रवास तुटतो, त्या ठिकाणाचा धनी कोण हे शोधून त्याच्याच नावे, मोजमापांसह, एक पानाचे पत्र जावे आणि त्याची प्रत राज्य दिव्यांग आयुक्तांना पाठवावी. उत्तर आले तर ते दप्तरात लावावे. न आल्यास पुढच्या वर्षीच्या तुकडीने तीच पायरी, त्याच थांब्यावर, पुन्हा मोजावी.